आई-बाबांच्या लग्नाला 50 वर्षं : दक्षिण मुंबईत दोन रात्रींसाठी कुठलं हॉटेल?

हळदीचं_पान (सोमवार, रात्री 9:40)

मंडळी, सल्ला हवाय. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांच्या लग्नाला 50 वर्षं होतायत. दोघं सांगलीत असतात. हॉल, केटरर, आहेर-बिहेर काही करायचं नाही, असं बाबांनी आधीच बजावून ठेवलंय. म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलं की दोघांना दोन रात्री मुंबईतल्या एखाद्या खरोखर देखण्या हॉटेलात ठेवायचं. आईचं माहेर गिरगावचं, त्यामुळे दक्षिण मुंबईच.

खोली, कर, खाणंपिणं सगळं धरून 50 हजार. थोडं मागेपुढे चालेल. बाबा 76, आई 71. आईचा एक गुडघा बदललेला आहे. दोघं शाकाहारी, बाबांना मधुमेह. समुद्र दिसायलाच हवा.

माझ्या मनात ताज. धाकटा भाऊ म्हणतो, एवढ्या मोठ्या हॉटेलात ती दोघं बुजतील, एखादं लहानसं बुटीक हॉटेल बघ. वहिनीचं मत मरीन ड्राइव्हच्या टोकाचं, नरिमन पॉइंटचं ट्रायडंट. रिव्ह्यू वाचून डोकं भणभणलंय. एकाच हॉटेलाला एक जण स्वर्ग म्हणतो आणि दुसरा झुरळाचा फोटो टाकतो. कोणी राहिलं असेल, कोणाला आतली माहिती असेल तर सांगा.

रंकाळ्याकाठी (सोमवार, रात्री 9:52)

ताज. त्यात विचारायचं काय ओ?

शून्य_खर्च (सोमवार, रात्री 10:05)

दोन रात्री झोपायचे 50 हजार? डोळे मिटले की सगळी छतं सारखीच दिसतात. त्यापेक्षा आईंना पाटल्या करा, जन्मभर राहतील. आणि सांगलीहून दोघांना गणपतीपुळ्याला पाठवा, समुद्र तिथेही आहे, फुकट आहे.

तुळशीबागवाली (सोमवार, रात्री 10:20)

@शून्य_खर्च, पाटल्या जन्मभर राहतात त्या बँकेच्या लॉकरमध्ये. आमच्या सासूबाईंच्या पाटल्यांनी त्यांच्यापेक्षा जास्त एसी खाल्लाय.

@हळदीचं_पान, 'ताज' म्हणजे नेमकं कुठलं ते आधी ठरवा. अपोलो बंदरावर एकाच नावाखाली दोन इमारती आहेत. एक 1903 ची घुमटवाली, तिला पॅलेस विंग म्हणतात, आणि तिच्या शेजारी सत्तरच्या दशकात उभा राहिलेला टॉवर. बुकिंगच्या पानावर दोन्ही एकत्र दिसतात, आणि स्वस्त म्हणून जी खोली वर येते ती बहुतेक वेळा टॉवरची असते. टॉवर वाईट आहे असं मुळीच नाही. पण तुमच्या डोळ्यांसमोर तो जिना, त्या कमानी, ते लांबलचक व्हरांडे असतील, तर पॅलेस विंगच घ्यायला हवी. त्यातही शहराकडची, पोहण्याच्या तलावाकडची आणि समुद्राकडची असे भाव वेगवेगळे.

जुना_ठाकूरद्वारकर (सोमवार, रात्री 11:15)

एक गमतीची गोष्ट सांगतो. ताजच्या जुन्या इमारतीत राहिलं की खिडकीतून सगळं दिसतं, फक्त ताज दिसत नाही. तो बघायला खाली उतरून गेटवेपाशीच जावं लागतं, जिथे जायला पैसे पडत नाहीत.

पण माझा मुद्दा दिशेचा आहे. ताज पूर्वेला तोंड करून आहे, बंदराकडे. तिथे सूर्य उगवतो. मरीन ड्राइव्हवरची हॉटेलं पश्चिमेकडे, तिथे मावळतो. 'समुद्र दिसायला हवा' म्हणताना यातला कुठला, हे ठरवलंत का? बंदराच्या बाजूचं पाणी म्हणजे बोटी, लाँची, नांगरलेली जहाजं, सतत काहीतरी हलतंय. मरीन ड्राइव्हचं पाणी म्हणजे मोकळं क्षितिज आणि संध्याकाळी दिव्यांची रांग. दोन्ही समुद्र मुंबईचेच, पण माणसं वेगळी असतात त्यांना आवडणारी.

आणि गिरगावच्या माणसाचा समुद्र हा चौपाटीचा. आमच्या लहानपणी जेवणं झाली की अख्ख्या चाळीतल्या बायका मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर वाऱ्याला जाऊन बसायच्या. ताजच्या बाजूला कोण जायचं? पाहुणे आले की गेटवे दाखवायला, तेवढंच. तुमच्या आईला विचारा तरी.

सावजी_रस्सा (मंगळवार, सकाळी 7:30)

आमच्या नागपूरकडल्या माणसाला कोणत्याबी दिशेचा समुद्र चालते बाप्पा. आधी दिसू तर द्या.

अनुस्वार (मंगळवार, सकाळी 8:10)

सूर्योदय-सूर्यास्ताची चर्चा छान आहे, पण तारीख जूनचा दुसरा आठवडा आहे. मुंबईत पाऊस येण्याची सरासरी तारीख 11 जून. ढग असतील तर दोन्हीकडे सारखाच राखाडी रंग दिसेल. :)

जुना_ठाकूरद्वारकर (मंगळवार, सकाळी 8:25)

@अनुस्वार, पावसाळ्यातला मरीन ड्राइव्ह राखाडी म्हणणाऱ्याला मी काय सांगू? भरतीच्या वेळी लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात आणि ते सगळं काचेआडून, कोरड्या पायांनी बघायचं, यासाठीच तर पैसे मोजायचे.

लॉबीतला_माणूस (मंगळवार, सकाळी 11:40)

नोकरीची बरीच वर्षं मोठ्या हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसला काढली, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

भावाने 'बुटीक' म्हटलंय. सरकारी वर्गीकरणात, म्हणजे पर्यटन मंत्रालयाच्या यादीत, तारे आहेत, पंचतारांकित डिलक्स आहे, हेरिटेज हॉटेलांचे वेगळे वर्ग आहेत. बुटीक असा वर्ग नाही. त्यामुळे हा शब्द कोणीही पाटीवर लिहू शकतो. चार खोल्यांना गडद निळा रंग दिला, पितळी दिवा टांगला, झालं बुटीक. खरं बुटीक कसं ओळखायचं? तिथल्या दोन खोल्या एकमेकींसारख्या नसतात. हा त्याचा गुण आणि हाच धोका. मोठ्या हॉटेलात तुम्ही खोलीचा प्रकार निवडता, त्या प्रकारातली कुठलीही मिळाली तरी उन्नीस-बीस. बुटीकमध्ये नेमकी खोली निवडावी लागते. एकीला मोठी खिडकी असते, तर दुसरीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या पाइपांवर उघडते, आणि भावात मात्र फारसा फरक नसतो.

कुलाब्यात अबोड नावाचं जे आहे, लॅन्सडाउन हाउसमध्ये, ते मला आवडतं. जुन्या इमारतीचा मान ठेवून केलंय, जुन्या फरश्या, जुनं लाकूड. पण ते तरुण जोडप्यांचं ठिकाण आहे. तिथल्या सगळ्यात स्वस्त खोल्यांना न्हाणीघर सामायिक आहे आणि समुद्र दिसावा म्हणून तिथे कोणी जात नाही. 76 आणि 71 वयाच्या दोघांना तिथे ठेवू नये असं माझं स्पष्ट मत.

दुसरं, बुजण्याबद्दल. माणसं इमारतीच्या आकाराने बुजत नाहीत. कोणी बॅग हातातून घेतली की तिचं काय करायचं, टीप किती द्यायची, मेन्यूवरच्या किमती बघून काय मागवायचं, याने बुजतात. यावर उपाय साधा आहे: नाश्ता आणि एक जेवण खोलीच्या भाड्यातच धरून घ्या आणि दोघांना सांगा की पैसे भरलेत. मग ते मेन्यूची उजवी बाजू बघणार नाहीत. माझ्या अनुभवात वयस्कर मराठी पाहुणे पहिल्या संध्याकाळी अवघडलेले असतात आणि दुसऱ्या सकाळी नाश्त्याच्या माणसाला त्याचं गाव विचारत असतात.

तिसरं, खोली घेताना फोन करून विचारायच्या गोष्टी. बाथटबमध्ये उभं राहून शॉवर घ्यायचा आहे का, की शॉवर वेगळा आहे? गुडघा बदललेल्या माणसाला टबाचा काठ ओलांडणं धोक्याचं. वेगळा शॉवर आणि भिंतीला धरायला दांडा असलेली खोली हवी असं स्पष्ट सांगा, अशा खोल्या असतात, मागितल्या तरच मिळतात. लिफ्टपासून खोली किती लांब? जुन्या इमारतींत व्हरांडे लांब असतात. त्या तारखांना हॉटेलात लग्न आहे का? असेल तर बँक्वेटपासून लांबचा मजला मागा.

बाकी सकाळ-संध्याकाळ आठवेल तसं लिहीन.

तुळशीबागवाली (मंगळवार, दुपारी 12:05)

@लॉबीतला_माणूस, हा प्रतिसाद वेगळा धागा करून ठेवा हो. 'मेन्यूची उजवी बाजू' अगदी अगदी! आमचे बाबा पंचतारांकित हॉटेलात फक्त टोमॅटो सूप प्यायले होते आणि घरी येऊन पिठलं केलं.

रंकाळ्याकाठी (मंगळवार, दुपारी 12:30)

काका, आतली खबर सांगा. अपग्रेड कसं मिळवायचं?

लॉबीतला_माणूस (मंगळवार, दुपारी 1:15)

@रंकाळ्याकाठी, वरच्या प्रकारातली खोली रिकामी असेल तरच मिळतं, आणि रिकामी कधी असते तर नरिमन पॉइंट, बीकेसीसारख्या कामाच्या भागात शनिवार-रविवारी, कारण कंपन्यांचे पाहुणे शुक्रवारी परत जातात. जून तर एकूणच मंदीचा. भावही तेव्हा उतरलेले असतात. आधी दोन दिवस ईमेल करून सांगायचं की लग्नाचा 50 वा वाढदिवस आहे, वय अमुक आहे. आल्यावर काउंटरवर हुज्जत घालून काही मिळत नाही. मेल सकाळी ज्याच्या हातात पडतो तोच खोल्या वाटत असतो.

वीज_बिल (मंगळवार, दुपारी 2:00)

हिशेबाचं कोणीच बोललं नाही. दिवसाला 7500 च्या वर भाडं गेलं की 18 टक्के जीएसटी. 7500 पर्यंत 5 टक्के. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिसतो तो आकडा बहुतेक वेळा कराआधीचा. म्हणजे तुमचे 50 हजार सगळे खोलीवर घातले तरी प्रत्यक्षात सुमारे 42 हजारांची खोली येते, आणि जेवण त्यातच भागवायचंय.

सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच तसं सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. लावला तर काढायला सांगा. अर्थात बाबा सांगणार नाहीत, हे मला माहीत आहे.

शून्य_खर्च (मंगळवार, दुपारी 2:10)

@वीज_बिल, म्हणजे सरकारला साडेसात हजारांचं वाढदिवसाचं गिफ्ट. मी पाटल्यांवर ठाम. (त्यावर 3 टक्केच.)

वीज_बिल (मंगळवार, दुपारी 2:14)

@शून्य_खर्च, आणि घडणावळ कोण देणार, तुम्ही?

परदेशस्थ_पिंट्या (मंगळवार, संध्याकाळी 5:45)

लंडनहून. थोडं अवांतर. बुटीक हॉटेल हा प्रकार इथला आणि न्यूयॉर्कचा. लंडनचं ब्लेक्स 1978 चं, न्यूयॉर्कचं मॉर्गन्स 1984 चं. तेव्हा मोठ्या साखळी हॉटेलांच्या एकसारख्या खोल्यांना कंटाळलेल्या लोकांसाठी ती निघाली. म्हणजे आधी शेकडो साचेबंद खोल्या बघून कंटाळलेला माणूस हवा. ज्यांनी आयुष्यभर भाच्याकडे, धर्मशाळेत नाहीतर महाराष्ट्र मंडळात मुक्काम केला त्यांना साचेबंद पंचतारांकित खोलीचा कंटाळा कुठून येणार? त्यांना ती आधी एकदा मिळू दे की. भावाला नम्रपणे सांगा.

अबोली_७० (मंगळवार, संध्याकाळी 6:30)

@परदेशस्थ_पिंट्या +1. पण एक मध्यममार्ग सुचवते. मरीन ड्राइव्हवर सी ग्रीन नावाची दोन जुनी हॉटेलं आहेत, शेजारी शेजारी. झगमगाट नाही, फर्निचर साधं, पण समुद्राकडच्या खोल्यांना बाल्कनी आहे. सगळ्या काचबंद हॉटेलांत हे सुख नाही, बाहेर खुर्ची टाकून बसायचं. तो सगळा पट्टाच आर्ट डेको इमारतींचा, 2018 पासून जागतिक वारसा यादीत आहे. पैसे वाचतील ते जेवणावर घाला. 'देखणं' ही अट मात्र तिथे पूर्ण होणार नाही, ते आधीच सांगते.

अनुस्वार (मंगळवार, संध्याकाळी 7:00)

जूनमध्ये बाल्कनी? खारा वारा आणि पाऊस. खुर्चीसकट आत याल.

जुन्या इमारतींबद्दल अजून एक. पावसाळ्यात काही ठिकाणी गालिच्यांना, कपाटांना ओलीचा वास येतो. एका जुन्या हॉटेलात (नाव घेत नाही) रात्रभर उशीला नाक लावता येत नव्हतं, खोली बदलून मागितली तर दुसरीतही तोच प्रकार. रिव्ह्यू वाचताना डिसेंबरचे वाचू नका, जुलै-ऑगस्टमध्ये लिहिलेले शोधा. पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे दोन्ही सोडून द्या. तीन तारे देणारा माणूस रागावलेलाही नसतो आणि हरखलेलाही नसतो. आणि हॉटेलने काढलेले फोटो बघायचेच नाहीत, पाहुण्यांनी काढलेले बघायचे. त्यात न्हाणीघराचा कोपरा दिसतो.

सावजी_रस्सा (मंगळवार, रात्री 8:20)

ताजचं तोंड चुकून उलटं बांधलं आणि म्हणून त्या इंग्रज आर्किटेक्टने समुद्रात उडी मारली, हे खरं हाय का?

जुना_ठाकूरद्वारकर (मंगळवार, रात्री 9:05)

@सावजी_रस्सा, शंभर टक्के थाप. पण मुंबईत प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो, त्यामुळे तुमचा दोष नाही.

मूळ आराखडा इंग्रजाचा नव्हताच. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी तो केला. काम पूर्ण व्हायच्या आत वैद्य वारले आणि पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरं केलं. मूळचं प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं, कारण घोडागाड्या तिकडून यायच्या. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे गाड्या थांबायच्या. आणि समुद्राच्या बाजूला दार कशासाठी हवं होतं? हॉटेल उघडलं 16 डिसेंबर 1903 ला. गेटवेची पायाभरणी 1911 ची आणि तो लोकांसाठी खुला झाला 1924 मध्ये. म्हणजे हॉटेल आधी, गेटवे नंतर. आपण गेटवेसमोर हॉटेल बांधलं असं धरून चालतो, म्हणून तोंड उलटं वाटतं.

एका वैद्यांनी आखलेल्या इमारतीला आपण इंग्रजाची समजतो आणि वर त्याला जीव द्यायला लावतो. असो.

रंकाळ्याकाठी (मंगळवार, रात्री 9:20)

हे लई भारी सांगितलंत. आणि ते वॉटसन हॉटेलात जमशेदजींना घेतलं नाही, म्हणून त्यांनी ताज बांधलं, ते?

जुना_ठाकूरद्वारकर (मंगळवार, रात्री 9:48)

ती कथा गोड आहे, पक्का पुरावा नाही. वॉटसनचं हॉटेल मात्र खरं. 1871 ला उघडलं, ओतीव लोखंडाचा सांगाडा. त्याच हॉटेलात 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची चलतचित्रं दाखवली गेली, भारतातला पहिला सिनेमाचा खेळ. इमारत अजून काळा घोड्याला उभी आहे, एस्प्लनेड मॅन्शन नावाने, अवस्था बघवत नाही. एकेकाळी शहरातलं सगळ्यात आलिशान हॉटेल होतं ते.

तुळशीबागवाली (मंगळवार, रात्री 10:00)

काका, धागा हॉटेल निवडण्याचा आहे, तुम्ही हेरिटेज वॉक काढलात. (चालू ठेवा, मजा येतेय.)

हळदीचं_पान (मंगळवार, रात्री 10:35)

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! एक व्यावहारिक प्रश्न. दोघं महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणार, ती सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. चेक-इन दुपारी 2 ला. मधले सात तास दोघांनी काय करायचं? दुसरं, पैसे मी पुण्यातून भरणार. तिथे त्यांना काही द्यावं लागेल का?

लॉबीतला_माणूस (बुधवार, सकाळी 9:10)

चांगलं झालं विचारलंत, सगळ्यात जास्त विचका इथेच होतो.

'सकाळी लवकर खोली द्या' ही विनंती आहे, हक्क नाही. आदल्या रात्री हॉटेल भरलेलं असेल तर खोलीच नसते. रात्रभर गाडीत बसून आलेल्या पंचाहत्तरीच्या माणसांना लॉबीच्या सोफ्यावर बसवू नका. पैसे देऊन लवकर चेक-इन नक्की करता येतं का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी अर्ध्या दिवसाच्या भाड्यात जमतं. लेखी घ्या. नाहीतर आदल्या दिवशी कोयना एक्स्प्रेसने येऊन गिरगावात कोणाकडे रात्र काढू द्या.

पैशांचं. तुम्ही तुमच्या कार्डाने भरलेत आणि तुम्ही तिथे नाही आहात, तर हॉटेल तुमच्याकडून एक परवानगीचा फॉर्म भरून घेतं, कार्डाच्या आणि ओळखपत्राच्या प्रतीसह. तो आधी पाठवा. शिवाय चेक-इनच्या वेळी खोलीबाहेरच्या खर्चासाठी अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. बाबांकडे क्रेडिट कार्ड नसेल तर ती रोख द्यावी लागेल. ऐनवेळी काउंटरवर 'कार्ड द्या' म्हटलं की वयस्कर माणसाला अपमान झाल्यासारखं होतं. फॉर्ममध्येच 'सगळा खर्च माझ्याकडे' अशी खूण करा. आणि ओळखपत्र म्हणून मूळ आधार जवळ ठेवा. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो.

मिनिबारला हात लावू नका असं सांगा. काही ठिकाणी बाटली नुसती उचलली तरी बिलात चढते.

शून्य_खर्च (बुधवार, सकाळी 9:30)

बाटली उचलली तरी पैसे?? आमच्याकडे पाहुणे आख्खा फ्रिज रिकामा करतात, आम्ही बिल लावलं का कधी.

सावजी_रस्सा (बुधवार, सकाळी 9:45)

आणि चहाचं काय? खोलीत किटली असते, पण ती पावडरवाली. आमच्या बाबुजींचा दिवस सुरू होत नाही तिच्याने. सकाळी सहाला लिफ्टने खाली उतरून, दरवानाचा सलाम घेऊन, रस्त्यावरच्या टपरीवर कटिंग मारून परत आले होते. दरवान विचारे, गाडी मागवू का साहेब?

अबोली_७० (बुधवार, सकाळी 10:20)

रूम सर्व्हिसला 'दूध उकळून आणि आलं घालून' असं सांगितलं तर करून देतात. मागायचं असतं. मधुमेहाचंही नाश्त्याच्या वेळी शेफला सांगा. बुफेत ज्वारीची भाकरी दिसली नाही तरी मागितल्यावर ती येते, हे मी पाहिलंय.

अनुस्वार (बुधवार, सकाळी 11:00)

कोणीतरी आयटीसी मराठा सुचवेल म्हणून वाट बघत होतो. नाव आपलं आहे, त्यांच्या एका रेस्तराँचं नावही पेशवा पॅव्हेलियन आहे. पण ते विमानतळापाशी. गिरगावच्या बाईला सहारला ठेवणं म्हणजे मिरजकराला कुर्डुवाडीत उतरवणं.

परदेशस्थ_पिंट्या (बुधवार, दुपारी 3:15)

मला वाटतं प्रश्न दोन आहेत आणि आपण ते एकत्र करतोय. एक, झोपायचं कुठे. दुसरं, ताज बघायचं का. ताज आतून बघायला तिथे झोपावं लागत नाही. सी लाउंजमध्ये दुपारचा चहा घ्या, खिडकीबाहेर गेटवे. जुन्या काळी तिथे मुली बघण्याचे कार्यक्रम व्हायचे, असं आमची आजी सांगायची. 50 वर्षांनी दोघांना तिथे समोरासमोर बसवा. खाली हार्बर बार आहे, 1933 चा, शहरातला पहिला परवाना त्याचा. बाबा घेत असतील तर.

हळदीचं_पान (बुधवार, दुपारी 3:40)

बाबा घेत नाहीत. आईसमोर तरी. :)

तुळशीबागवाली (बुधवार, दुपारी 3:55)

@परदेशस्थ_पिंट्या यांच्याशी अर्धी सहमत. चहाला जाणं आणि राहणं यात फरक आहे. रात्री अकराला बाहेरचे लोक गेल्यावर त्या जिन्यावरून आपण एकटेच चालतोय, ते चहाच्या बिलात येत नाही. दोन रात्री जमत नसतील तर एकच रात्र घ्या, पण समुद्राकडची, पॅलेस विंगची. दुसरी रात्र कुठेही.

लॉबीतला_माणूस (बुधवार, दुपारी 4:30)

@तुळशीबागवाली, या वयात मध्येच बॅगा भरायला लावू नका. दुपारी 2 ला खोली मिळणार आणि दुसऱ्या दिवशी 12 ला सोडायची. आंघोळ, औषधं, चार्जर, जेमतेम मांडामांड होते तोवर आवराआवर. दोन रात्री एकाच खोलीत, हे माझं मत ठाम आहे. लोक हॉटेल बदलून दोन हॉटेलं 'बघतात'. राहत कुठेच नाहीत.

तुळशीबागवाली (बुधवार, दुपारी 4:41)

हे पटलं नाही, पण तुमची नोकरी होती, माझी नव्हती.

हळदीचं_पान (शुक्रवार, रात्री 10:15)

अपडेट देते.

@जुना_ठाकूरद्वारकर यांनी 'आईला विचारा तरी' म्हटलं होतं, म्हणून काल फोनवर आडून विचारलं की मुंबईला गेलीस तर काय बघशील. मला वाटलं होतं गेटवे, ताज, मुंबादेवी असं काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, मरीन ड्राइव्हला वरून बघायचंय. लहानपणी त्या कट्ट्यावर बसून समोरच्या इमारतींच्या खिडक्यांतले दिवे मोजायच्या म्हणे ती आणि तिची बहीण, आणि वाटायचं की तिकडून आपण कसे दिसत असू. मग लगेच म्हणाली, पण तू काही ठरवू नकोस हं, गुडघा आहे माझा.

त्यामुळे वहिनी जिंकली. ट्रायडंट, वरचा मजला, रविवार आणि सोमवारची रात्र. @लॉबीतला_माणूस यांच्या सांगण्याप्रमाणे फोन करून विचारलं की नुसता समुद्र दिसेल की मरीन ड्राइव्हची कमान चौपाटीपर्यंत दिसेल. त्यांनी त्या बाजूची खोली नोंदवून घेतली, वेगळा शॉवर, धरायला दांडा, दोन्ही नाश्ते धरून. लवकर चेक-इन पैसे देऊन लेखी घेतलं. कर, लवकर आल्याचे पैसे, सगळं मिळून बजेटच्या आत बसलं आणि एका जेवणाचे उरले. सोमवारी दुपारी सी लाउंजला चहा. पॅलेस विंगबद्दल मला अजून जरा हुरहुर आहे, ती माझी, आईची नाही, हे या धाग्यामुळे कळलं.

जुना_ठाकूरद्वारकर (शुक्रवार, रात्री 10:40)

उत्तम! सोमवारी घारापुरीचा बेत करू नका, लेणी बंद असतात. मंगळवारी सकाळी गिरगावात फेरी मारायची असेल तर टॅक्सी शोधत बसू नका. मेट्रो 3 चं विधान भवन स्टेशन त्या भागात आहे, तिथून गिरगाव स्टेशनला उतरता येतं. लिफ्ट आहेत, गुडघ्याला त्रास नाही. वर आल्यावर मात्र आईंना ओळखीचं काय काय सापडेल सांगता येत नाही. खूप चाळी गेल्या.

लॉबीतला_माणूस (शनिवार, सकाळी 8:50)

एक राहिलं. बुकिंगवर दोघांची नावं आधारवर आहेत तशीच घाला. आणि हॉटेलने केक पाठवलाच तर तो बिनअंड्याचा आणि बिनसाखरेचा हवा हे आत्ताच कळवा. ऐनवेळी सांगितलं तर फळांची परडी येते.

शून्य_खर्च (शनिवार, सकाळी 9:25)

ते सी लाउंजला राहत नसलेल्या माणसाला आधी टेबल बुक करावं लागतं का? बायकोने धागा वाचलाय.

परदेशस्थ_पिंट्या (शनिवार, सकाळी 9:50)

@शून्य_खर्च, आधी फोन करून ठेवा, शनिवार-रविवार असेल तर नक्कीच. खिडकीजवळचं मागा. आणि बिल आलं की वहिनींच्या हातात देऊ नका.